परतीचा श्वास : मुलांच्या खेळातला समुद्र आणि आपला समुद्र



देशपांडे नगरातून समुद्र तसा लांबच. कारवार गाठायचे तर यल्लापूरवरून अरबैल घाट उतरावा लागतो. चार तास सहज जातात. पणजीचेही साधारण तसेच. तरीही आपल्यातल्या कितीतरी घरांत एखादा नातू किंवा नात सुट्टीत रोज तासभर समुद्राच्या तळाशी असते. संगणकावरचा 'सबनॉटिका' नावाचा गेम त्यांना तिथे घेऊन जातो. घरातल्या मोठ्यांना लांबून दिसते ते एवढेच, की पडद्यावर निळेहिरवे पाणी आहे, मूल दगड फोडून काहीतरी गोळा करते आहे आणि मध्येच "अरे, ऑक्सिजन संपला!" म्हणून खुर्चीतून उडते आहे.

त्या पडद्यावर नेमके काय चालले आहे हे मोठ्यांना कळावे, यासाठी हा लेख. त्याला आणखी एक कारण आहे. हीच मुले सुट्टीत मालवण, गोवा किंवा मुर्डेश्वरला जातात आणि खऱ्या पाण्यात उतरतात. पाण्याखाली वावरण्याबद्दल हा गेम काही गोष्टी अगदी बरोबर शिकवतो आणि काही गोष्टी मुळीच सांगत नाही. न सांगितलेल्या गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. त्या सांगायचे काम घरच्यांनाच करावे लागणार.

खेळ आहे तरी काय?

सबनॉटिका हा गेम अमेरिकेतील 'अननोन वर्ल्ड्स' या कंपनीने तयार केला. डिसेंबर २०१४ मध्ये तो अपुऱ्या अवस्थेतच खेळणाऱ्यांना खुला झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आला. गोष्ट थोडक्यात अशी : 'ऑरोरा' नावाचे अंतराळयान एका परक्या ग्रहावर कोसळते. ग्रह जवळजवळ सगळा पाण्याने व्यापलेला. खेळणारा एका छोट्या जीवरक्षक कुपीतून वाचतो आणि डोळे उघडतो तेव्हा चारी बाजूंना समुद्र असतो. आता जगायचे कसे, हा पुढचा सगळा खेळ.

हा मारामारीचा खेळ नाही. यात बंदूकच नाही. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतील सँडी हूक या शाळेत गोळीबार होऊन लहान मुले मारली गेली. त्यानंतर आपल्या गेममध्ये बंदुका ठेवायच्या नाहीत असे ठरवल्याचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी स्वतः सांगितले आहे. हाताशी एक चाकू असतो, पण मोठे जनावर समोर आले तर त्याचा फारसा उपयोग नाही. तिथून निघून जाणे हाच शहाणपणा. काही जनावरे मात्र खरोखर भीतिदायक आहेत. अगदी लहान मुलांना हा गेम एकट्याने, रात्रीच्या वेळी खेळू देऊ नये.

खेळणाऱ्याला सतत चार गोष्टींकडे लक्ष ठेवावे लागते : श्वास, भूक, तहान आणि प्रकृती. यांतली पहिली चुकली तर बाकीच्यांचा प्रश्नच उरत नाही.

दगड, वेल आणि मासे

सुरुवात उथळ पाण्यात होते. तळाशी चुनखडीचे ढेकूळ दिसतात. ते फोडले की कधी टायटॅनियम निघते, कधी तांबे. थोडे पुढे गेले की वाळूखडकाचे ढेकूळ लागतात. त्यांतून चांदी, सोने किंवा शिसे मिळते. कोसळलेल्या यानाचे भंगार तळाशी विखुरलेले असते. ते वितळवूनही टायटॅनियम मिळते. 'ब्लॅडरफिश' नावाचा फुगीर मासा पकडला तर त्याच्यापासून पिण्याचे पाणी तयार होते. उंच समुद्री वेलींच्या बियांपासून रबर बनते. तांबे आणि विशिष्ट आळंबी एकत्र केली की बॅटरी तयार होते.

हे सगळे स्वयंपाकासारखेच आहे. जिन्नस जमले नाहीत तर पदार्थ होत नाही. एक जिन्नस कमी पडला की पुन्हा पाण्यात उडी. पिशवीला ४८ चौकोन असतात. त्यांत मावेल तेवढेच घेऊन परतावे लागते, म्हणून मूल घरी आल्यावर, म्हणजे कुपीत परतल्यावर, काय ठेवायचे आणि काय टाकून द्यायचे याचा हिशेब करत बसते. बाजारातून दोनच पिशव्या आणायच्या असतील तर आपण करतो तोच हा हिशेब.

जसजसे खोल जावे तसतशा दुर्मीळ वस्तू मिळतात. निकेल हवे असेल तर फार खोलवरच्या भुयारी नदीपर्यंत उतरावे लागते. तेवढे खोल जायला पाणबुडी हवी, पाणबुडीला टायटॅनियम हवे, आणि टायटॅनियम पुन्हा उथळ पाण्यात पोहूनच गोळा केलेले असते. एकेक पायरी चढत, म्हणजे इथे उतरत, जाण्याची ही रचना मुलांना धरून ठेवते.

४५ सेकंदांचे गणित

खेळ सुरू होतो तेव्हा छातीत ४५ सेकंदांची हवा असते. साधी टाकी तयार केली की आणखी ३० सेकंद मिळतात. अधिक मोठी टाकी असेल तर दोन मिनिटांच्या थोडे वर जाता येते. हवा संपत आली की आवाज येऊन इशारा मिळतो.

नवखे मूल पहिल्या दिवशी एकच चूक पुन्हा पुन्हा करते. तळाशी चांदी दिसते, ती घेईपर्यंत हवा दहा सेकंदांवर येते आणि वर यायला वीस सेकंद लागणार असतात. दोन-चार वेळा बुडाल्यावर त्याला कळते, की ४५ सेकंद म्हणजे ४५ सेकंद नव्हेत. जायला पंधरा, यायला पंधरा, आणि हाताला काम करायला उरतात फक्त पंधरा. गुहेत शिरायचे असेल तर त्याहून कमी, कारण तिथे सरळ वर येता येत नाही; आधी तोंड शोधावे लागते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण मुलांना कितीदा सांगतो. इथे ते त्यांना कोणी न सांगता समजते. वस्तू कशी उचलायची याला फारसे कौशल्य लागत नाही. कुठल्या क्षणी हात रिकामे असले तरी मागे वळायचे, हे ओळखण्यात खरे कौशल्य आहे. परतीचा श्वास आधी बाजूला काढून ठेवायचा आणि उरलेला खर्च करायचा. खरे पाणबुडे, गुहेत उतरणारे शोधक आणि खाडीत जाणाऱ्या कोळिणी हेच करतात. एवढ्या बाबतीत हा गेम पूर्ण खरा आहे.

गेम जे सांगत नाही

आता दुसरी बाजू. ही आईवडिलांनी नीट वाचावी.

पहिली गोष्ट इशाऱ्याची. गेममध्ये हवा संपत आल्याचे सांगणारा आवाज असतो. खऱ्या शरीरात तसा भरवशाचा इशारा नाही. पाण्याखाली श्वास घ्यावासा वाटतो तो रक्तातला ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. बुडी मारण्यापूर्वी मुले जोरजोरात, भराभर आठ-दहा श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड बराच कमी होतो. मग घुसमट जाणवतच नाही आणि ऑक्सिजन मात्र संपत जातो. मूल पाण्याखाली शांतपणे बेशुद्ध पडते. हातपाय मारत नाही, ओरडत नाही. वरून पाहणाऱ्याला ते अजून श्वास रोखून आहे असेच वाटते. याला 'शॅलो वॉटर ब्लॅकआऊट' म्हणतात आणि ते छातीभर पाण्याच्या स्विमिंग पूलमध्येही होते. चांगले पोहणाऱ्यांनाही होते.

म्हणून पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो ही शर्यत घरच्या मुलांत कधीच लागू देऊ नये. मे महिन्यात पूल मुलांनी भरलेले असतात आणि गेम खेळणाऱ्या मुलांना ४५ सेकंद हा आकडा पाठ असतो. गेमच्या 'हार्डकोअर' प्रकारात एकच जीव मिळतो आणि हवेचे इशारेही बंद असतात. खरे पाणी त्या प्रकारचे असते, एवढे सांगितले तरी खेळणाऱ्या मुलाला मुद्दा लगेच कळतो.

दुसरी गोष्ट दाबाची. गेममध्ये पाणबुडीला खोलीची मर्यादा आहे. 'सीमॉथ' नावाची छोटी पाणबुडी सुरुवातीला २०० मीटरच्या खाली नेली तर दाबाने मोडू लागते. पोहणाऱ्या माणसाला मात्र गेममध्ये तो दाब जाणवत नाही. १०० मीटरखाली योग्य मुखवटा नसेल तर हवा लवकर संपते, एवढेच. प्रत्यक्षात दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. टाकीतली हवाही त्याच प्रमाणात अधिक लागते : पृष्ठभागावर तासभर पुरेल अशी टाकी १० मीटरवर अर्धा तास आणि २० मीटरवर सुमारे वीस मिनिटे पुरते. हौशी पाणबुड्यांना पहिल्या प्रशिक्षणानंतर १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा असते आणि पुढचे शिक्षण घेतल्यावरही ४० मीटर ही शेवटची हद्द मानली जाते.

तिसरी गोष्ट वर येण्याची. गेममध्ये हवा संपली की बाणासारखे वर यायचे. टाकी लावून खऱ्या पाण्यात असे केले तर जीव जाऊ शकतो. १० मीटरवर घेतलेला श्वास रोखून पृष्ठभागावर आलो तर छातीतली हवा फुगून दुप्पट होते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून टाकी लावलेल्या माणसाने श्वास कधीच रोखायचा नाही, हा पाणबुड्यांचा पहिला नियम. शिवाय दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. सोड्याची बाटली एकदम उघडली की फेस येतो, तसेच घाईने वर आल्यावर शरीरात बुडबुडे होतात. त्यासाठी मिनिटाला सुमारे ९ मीटर इतक्या संथ गतीने वर येतात आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबतात.

चौथी गोष्ट खास आपल्यासारख्या घाटावरच्या लोकांसाठी. पाणबुडी मारल्यावर लगेच विमानाने जाऊ नये, हे बऱ्याच जणांनी ऐकलेले असते. कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. हाच नियम घाट चढण्यालाही लागू आहे. 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सुमारे ६०० मीटरपासून वरच्या उंचीसाठी आहेत. एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डुबक्या झाल्या असतील तर किमान १८ तास थांबावे, असे त्या सांगतात. हुबळी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर आहे आणि धारवाड त्याहून उंच. म्हणजे सकाळी मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाशी टाकी लावून दोनदा खोल उतरायचे आणि संध्याकाळी गाडी काढून घरी यायचे, हा बेत बरा नाही. पर्यटकांना पाच-सहा मीटरवर काही मिनिटे उतरवतात त्यात धोका बराच कमी असतो. तरीही आपण घाट चढून जाणार आहोत हे प्रशिक्षकाला आधी सांगावे आणि रात्रीचा मुक्काम किनाऱ्यावरच ठेवावा.

ओहोटीचे घड्याळ

पाण्याच्या पोटातून वस्तू गोळा करणे आपल्या किनाऱ्याला नवे नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्गापासून गोवा, कारवारपर्यंतच्या खाड्यांत बायका पिढ्यान्‌पिढ्या कालवे आणि तिसऱ्या काढत आल्या आहेत. कालवे खडकाला घट्ट चिकटलेली असतात, ती लहानशा लोखंडी हत्याराने उचकटावी लागतात. तिसऱ्या वाळूत आणि चिखलात दडलेल्या असतात, त्या हातापायांनी चाचपून काढतात.

त्यांच्याकडे ऑक्सिजनचा आकडा दाखवणारा पडदा नसतो. त्यांचे घड्याळ म्हणजे ओहोटी. दिवसात दोनदा पाणी उतरते आणि दोनदा चढते. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. तेव्हा भरती मोठी असते, पण ओहोटीही खोलवर जाते आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी फारसे हलत नाही. कुठल्या तिथीला कुठल्या खडकापर्यंत जाता येईल आणि पाणी वळल्यावर किनारा गाठायला किती वेळ लागेल, हे खाडीकाठच्या बाईला कागद न पाहता सांगता येते. टोपली अर्धी असली तरी पाणी वळले की ती निघते. गेममधल्या मुलाने चार वेळा बुडून जे शिकले, ते तिला आईने आणि सासूने शिकवलेले असते.

दुसरा धडा थांबण्याचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याचा सरकारी नियम आहे. अनेक माशांचा तो विणीचा काळ. पण कायदा येण्याआधीही पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच पाण्यात लोटायच्या, ही रीत कोळी समाजाने पाळलेलीच होती.

गोव्यातले खरे शोधक

गेममधल्या दोन गोष्टी मुलांना सर्वांत जास्त आवडतात : बुडालेल्या यानाचे अवशेष शोधणे आणि खोल तळावरून धातू आणणे. हे दोन्ही खरोखर करणारे लोक आपल्यापासून चार-पाच तासांवर आहेत. दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली.

या संस्थेच्या सागरी पुरातत्त्व विभागाने १९९७ पासून गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या सुंची खडकांत एका बुडालेल्या जहाजाचा शोध घेतला. ते सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे पोर्तुगीज व्यापारी जहाज असावे, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. पाणी तिथे फार खोल नाही, पण लाटा जोरदार आहेत. लोखंडी तोफा, नांगर, चिनी मातीची भांडी, मोठ्या रांजणांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात असा ऐवज तिथे मिळाला. आफ्रिकेतला हस्तिदंत आणि चीनमधली भांडी एकाच जहाजात होती, यावरूनच त्या काळच्या व्यापाराची वाट दिसते. गेममध्ये अवशेषाजवळ जाऊन यंत्राने 'स्कॅन' करायचे असते. इथे प्रत्येक वस्तू नेमकी कुठे, कशी पडली होती, याची पाण्याखालीच मोजणी आणि नोंद करावी लागते; त्यानंतरच ती वर येते. जागेची नोंद गेली तर वस्तू नुसतीच वस्तू उरते, तिचा इतिहास जातो.

दुसरी गोष्ट धातूंची. याच संस्थेच्या 'गवेषणी' या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळातून धातूचे गोटे वर काढले. त्यांना बहुधातू गोटे म्हणतात. दिसायला बटाट्यासारखे, काळपट, आणि आत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट. १९८७ मध्ये या कामासाठी 'अग्रणी गुंतवणूकदार' असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळवणारा भारत हा पहिला देश ठरला. मध्य हिंदी महासागरात सुरुवातीला दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र शोधकामासाठी मिळाले. पुढे त्यातले ७५ हजार चौरस किलोमीटर राखून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार झाला. एवढ्या भागात सुमारे ३८ कोटी टन गोटे असावेत, असा सरकारी अंदाज आहे.

हे गोटे पाच हजार मीटरहून अधिक खोलीवर पडलेले आहेत. तिथे दाब पृष्ठभागाच्या पाचशेपट. पोहत जाणे सोडाच, नेहमीच्या पाणबुड्याही तिथे टिकत नाहीत. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने 'वराह' नावाचे यंत्र तयार केले. २०२१ मध्ये ते ५,२७० मीटर खोल तळावर चालवून पाहिले. तीन माणसांना ६,००० मीटरपर्यंत नेणारी 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी तीच संस्था तयार करत आहे. माणसे बसतात तो तिचा गोल २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाडीचा आहे. आणि तो घडवला आहे टायटॅनियमच्या मिश्रधातूपासून. गेममध्ये पहिल्या दहा मिनिटांत हाती येणारा हा धातू पाणबुडीसाठी का निवडला असेल, हे मुलांना विचारून बघा : हलका, फार बळकट आणि खाऱ्या पाण्यात न गंजणारा. हवेचा हिशेबही तिथे आहेच. नेहमीचा प्रवास १२ तासांचा, पण संकटासाठी ९६ तासांचा श्वास बरोबर घ्यायचा. परतीचा श्वास बाजूला ठेवण्याचाच हा मोठा हिशेब.

किती घ्यायचे?

गेममध्ये ढेकूळ फोडला, धातू घेतला, काम संपले. तो ढेकूळ तयार व्हायला किती काळ लागला असेल, असा प्रश्न तिथे येत नाही. खऱ्या तळावरचा गोटा एखाद्या शार्कच्या दाताभोवती किंवा शिंपल्याच्या कपच्याभोवती थरावर थर चढून वाढतो. वाढीचा वेग दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढाच. मुठीएवढा गोटा उचलला तर माणसाच्या हिशेबाने तो पुन्हा होत नाही. शिवाय तळाच्या गाळात आणि त्या गोट्यांवरच जगणारे लहान जीव आहेत. गोटा गेला की त्यांचे घर गेले.

१९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळ खोल समुद्राचा तळ मुद्दाम नांगरून पाहिला. २६ वर्षांनी, २०१५ मध्ये, परत गेल्यावर नांगराचे चर तसेच दिसले. गोव्याच्या संस्थेनेही १९९७ मध्ये मध्य हिंदी महासागरात तळाचा गाळ ढवळून त्याचे परिणाम अभ्यासले. आपल्याला बॅटऱ्यांसाठी निकेल आणि कोबाल्ट हवे आहे, हे खरे. ते जमिनीवरच्या खाणींतून काढतानाही नुकसान होतेच, हेही खरे. म्हणून यावर जगभर वाद चालू आहे. समुद्रमंथनाची कथा आपण मुलांना सांगतो तेव्हा चौदा रत्नांची यादी पाठ करून घेतो. त्याच मंथनातून हलाहलही वर आले होते, तो भाग सांगायचा राहू नये.

किनाऱ्यावरचा छोटा नियमही याच जातीचा आहे. प्रवाळ तोडून किंवा उचलून घरी आणणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथे बघावे, फोटो काढावा, हात लावू नये.

घरी काय करता येईल

एक : आठवड्यातून एकदा अर्धा तास मुलाच्या शेजारी बसा. "बंद कर आता" म्हणण्याऐवजी "किती सेकंद उरले असताना वळलास?" असे विचारा. मुले या प्रश्नाचे उत्तर फार आनंदाने देतात आणि नंतर खेळ बंद करायलाही कमी कटकट करतात.

दोन : पूल, तलाव किंवा समुद्र, कुठेही श्वास रोखण्याची शर्यत नाही. बुडी मारण्यापूर्वी भराभर श्वास घ्यायचे नाहीत. एक जण पाण्याखाली असेल तर दुसऱ्याचे डोळे त्याच्यावरच हवेत, मोबाइलवर नकोत. कोणी बेशुद्ध दिसला तर लगेच वर ओढा, जीवरक्षकाला हाक मारा आणि ११२ ला फोन करा.

तीन : टाकी लावून उतरायचे असेल तर प्रशिक्षित माणसाबरोबरच. सर्दी, दमा, कानाचे दुखणे असेल तर आधी सांगा. श्वास चालू ठेवायचा आणि वर सावकाश यायचे, हे मुलाकडून वदवून घ्या.

चार : डुबकी मारली त्या दिवशी घाट चढायचा नाही. परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी ठेवा. घरून निघतानाच मुक्कामाची खोली एक रात्र जास्त सांगून ठेवली की झाले.